‘आजीवन’ तेल : स्वयंचलित गिअरबॉक्सच्या निगेचा इतिहास

यंत्रांचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणी, कोणत्या साली, काय निर्माण केले एवढे नोंदवले की इतिहासकाराचे काम संपले असे मानण्याची प्रथा आहे. ते यंत्र पुढे वीस वर्षे कोणी चालते ठेवले, कशाच्या बळावर ठेवले, आणि ते बंद पडले तेव्हा दोष कोणाच्या पदरी पडला, हे प्रश्न कारखान्याच्या फाटकाबाहेरचे समजून सोडून दिले जातात. प्रस्तुत निबंधात अशाच एका सोडून दिलेल्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. तो प्रश्न मोटारीतील स्वयंचलित गिअरबॉक्सच्या, आणि त्यातही लाखाच्या वर धाव झालेल्या जुन्या मोटारीतील गिअरबॉक्सच्या, निगेचा आहे. भाषाशास्त्राच्या अध्यापकाने या विषयात शिरणे काहींना अनधिकाराचे वाटेल. परंतु या इतिहासाच्या प्रत्येक वळणावर एकेक शब्द उभा आहे, आणि त्या शब्दाने यंत्राच्या आयुष्यावर प्रत्यक्ष परिणाम केला आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत झाले आहे.

विषयाकडे वळण्याचे निमित्त घरगुती आहे. लेखकाकडे जुनी घेतलेली एक स्वयंचलित मोटार आहे. तिची धाव १,३८,००० किलोमीटरच्या पुढे गेली तेव्हा दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना ती किंचित थबकू लागली आणि रहदारीत तापल्यावर हिसका देऊ लागली. तीन ठिकाणी विचारणा केली. एका मोठ्या कार्यशाळेत सांगण्यात आले की या गिअरबॉक्समधील तेल आजीवन आहे, त्याला हात लावण्याचे कारण नाही. दुसऱ्या कारागिराने सांगितले की एवढी धाव झाल्यावर तेल बदलले तर गिअरबॉक्स आठवड्यात बसेल; जसे चालले आहे तसे चालू द्यावे. तिसरा म्हणाला, तेल आजच बदला, खरे तर दोनदा बदलून व्हायला हवे होते. तिघेही आपापल्या कामात मुरलेले होते, आणि तिघांपैकी कोणी जाणूनबुजून खोटे बोलत होता असे मानण्यास आधार नाही. तिघांची मते तीन निरनिराळ्या काळांत तयार झालेली आहेत आणि एकाच दुकानगल्लीत शेजारी शेजारी नांदत आहेत. ती कशी तयार झाली याचा शोध घेणे हे इतिहासाचे काम आहे.

प्रथम ‘ऑटोमॅटिक’ या शब्दाचा विचार करू. ग्रीक ‘ऑटोमॅटोस’ या शब्दातील उत्तरपदाचा संबंध ज्या मूळ धातूशी लावला जातो, त्याच धातूपासून आपले ‘मन’, ‘मति’ आणि ‘मत’ हे शब्द आले आहेत. म्हणजे शब्दशः पाहता ‘ऑटोमॅटिक’ म्हणजे स्वतःच्या मताने वागणारे. ‘इलियड’च्या अठराव्या सर्गात हेफेस्टस देवाने घडवलेल्या तिवया देवांच्या सभेला आपण होऊन जातात व परत येतात, तेथे हेच विशेषण आले आहे. मराठीने त्यासाठी ‘स्वयंचलित’ हा शब्द योजला. त्यात मन गेले आणि चालणे तेवढे उरले. एका अर्थी मराठी शब्द अधिक प्रामाणिक आहे. तथापि दोन्ही शब्दांत एक गृहीत समान आहे, ते असे की अशा वस्तूला दुसऱ्या कोणाची अपेक्षा नसते. हेफेस्टसच्या तिवयांना तेल घालावे लागे किंवा नाही हे काव्यात सांगितलेले नाही.

वास्तविक या यंत्राचा उगम मोटारीत नसून जहाजात आहे. स्टेटिन येथील व्हल्कन जहाजबांधणी कारखान्यातील जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याने १९०५ मध्ये द्रवाच्या साहाय्याने शक्ती पुढे पोचविण्याच्या युक्तीचे एकस्व घेतले. वाफेची टर्बाइन फार वेगाने फिरते आणि जहाजाचा पंखा मंद फिरावा लागतो. या दोहोंमध्ये दातेरी चाकांऐवजी द्रव घालावा, अशी ती कल्पना होती. एका चाकाने फेकलेला द्रव समोरच्या चाकाच्या पात्यांवर आदळतो आणि ते चाक फिरू लागते. दोन्ही चाके एकमेकांना शिवत नाहीत. हेच तत्त्व पुढे मोटारीत आले. जनरल मोटर्समध्ये अर्ल टॉम्प्सन यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेला ‘हायड्रा-मॅटिक’ गिअरबॉक्स १९३९ च्या अखेरीस, १९४० च्या ओल्ड्समोबिल मोटारींसाठी, विक्रीस आला. त्याची जादा किंमत ५७ डॉलर होती. क्लच दाबावयाचा नाही, गिअर टाकावयाचे नाहीत, हे त्याचे मुख्य आकर्षण होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांतही तो बसविण्यात आला, आणि युद्ध संपल्यावर युद्धात पारखलेले यंत्र म्हणून त्याची जाहिरात झाली.

या यंत्रात तेलाचे स्थान काय असते हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढचा सारा इतिहास त्यावर अवलंबून आहे. हाताने गिअर टाकावयाच्या पेटीत तेल हे वंगण असते. बैलगाडीच्या कण्याला वंगण लागते आणि साटीखाली त्यासाठी वंगणाचे नळकांडे टांगलेले असते, त्याच जातीची ही गोष्ट आहे. दात दातावर घासू नयेत एवढेच त्याचे काम. स्वयंचलित पेटीत मात्र तेल हा यंत्राचा एक अवयवच असतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची शक्ती तेच वाहून नेते. कोणता गिअर केव्हा पडावा याचा निर्णय जुन्या पेट्यांत तेलाच्या दाबानेच होत असे: वेगाबरोबर वाढणारा एक दाब आणि इंजिनावरील भाराबरोबर वाढणारा दुसरा दाब एका झडपेच्या दोन टोकांना झोंबत, आणि जो जिंकेल तसा गिअर पडे. क्लचच्या चकत्या तेलातच बुडालेल्या असतात आणि तेलाच्या दाबानेच एकमेकींवर आवळल्या जातात. शिवाय उष्णता बाहेर नेणे हे कामही तेलाचेच. यात एक विरोध दडला आहे. दंतचक्रे आणि बेअरिंगे यांच्यासाठी तेल निसरडे असले पाहिजे; क्लचच्या चकत्यांसाठी ते प्रमाणाबाहेर निसरडे असून चालत नाही. एकाच द्रवाने एका ठिकाणी घसरू द्यावे आणि दोन बोटांच्या अंतरावर घट्ट धरावे, अशी ही मागणी आहे. इंग्रजी व्यापारभाषेने त्याला ‘ऑइल’ न म्हणता ‘फ्लुइड’ म्हटले, ते या दृष्टीने योग्यच होते. आपल्या गॅरेजांत दोन्हींना ‘गिअर ऑइल’ म्हणण्याची रीत आहे, आणि हातगिअरच्या पेटीतील जाड तेल स्वयंचलित पेटीत ओतण्याचा प्रमाद केवळ या शब्दसाम्यामुळे घडू शकतो. ‘एटीएफ’ हे लघुरूप वापरावे तर मराठी वृत्तपत्राच्या वाचकाला त्यातून विमानाचे इंधन आठवते.

प्रारंभीच्या काळी या द्रवाचे मानक नव्हते. १९४९ मध्ये जनरल मोटर्सने ‘टाइप ए’ या नावाने पहिले मानक प्रसिद्ध केले. कोणत्याही तेल कंपनीने ते तयार करावे, शिकागोच्या आर्मर रिसर्च फाउंडेशनकडून तपासून घ्यावे आणि मिळालेला क्रमांक डब्यावर छापावा, अशी व्यवस्था होती. तेलाला लाल रंग देण्यात येई, जेणेकरून मोटारीखाली थेंब पडलेला दिसला तर तो इंजिनाचा की गिअरबॉक्सचा हे ओळखता यावे. सुमारे २५,००० मैलांनी ते बदलावे असा त्या काळचा दंडक होता. त्या पिढीच्या दृष्टीने ‘ऑटोमॅटिक’ हा शब्द गाडी चालविण्यापुरता होता. पेटीतून वर आलेली एक लांब पोलादी पट्टी इंजिनापाशी असे. ती ओढून, पुसून, पुन्हा घालून तेलाची पातळी पाहावयाची, रंग पाहावयाचा, वास घ्यावयाचा. तांबडे व पारदर्शक असेल तर उत्तम. तपकिरी झाले असेल तर बदलावे. काळे होऊन जळका वास येत असेल तर क्लचच्या चकत्यांचे काही खरे नाही. आणि गुलाबी दुधासारखे दिसले तर रेडिएटरमधील पाणी तेलात शिरले आहे, गाडी तेथेच थांबवावी. यास फार विद्या लागत नाही. पंपावर काम करणारे पोरही हे जाणत असे.

या ठिकाणी एक विषयांतर करणे आवश्यक आहे, कारण ते दिसते तेवढे विषयांतर नाही. निसरडेपणा आणि पकड यांचा वर सांगितलेला विरोध सोडविण्यासाठी पहिल्या पंचवीस वर्षांत जो पदार्थ वापरला जाई, तो स्पर्म जातीच्या देवमाशाच्या तेलापासून केलेला असे. ज्या प्राण्यापासून अत्तरवाल्यांचा अंबर मिळतो तोच हा देवमासा. त्याच्या प्रचंड मस्तकात साठलेले तेल रसायनदृष्ट्या तेल नसून पातळ मेण आहे. ते उष्णतेने सहजासहजी विरत नाही आणि धातूला चिकटून राहते. त्यावर गंधकाची प्रक्रिया करून ते गिअरबॉक्सच्या द्रवात मिसळत. डेट्रॉइटच्या रस्त्यावर क्लच न दाबता गाडी हाकणाऱ्या माणसाच्या पायाखाली समुद्रात मारलेल्या देवमाशाचा अंश फिरत होता. १९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म देवमाशाचे नाव संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातले, आणि १९७३ च्या कायद्याने या व्यापाराचे दार पक्के बंद केले. त्यामुळे १९६७ पासून प्रचलित असलेल्या ‘डेक्स्रॉन’ या मानकाच्या जागी १९७३ मध्ये ‘डेक्स्रॉन दोन’ आणावे लागले. नवा द्रव देवमाशावाचून केलेला होता. परंतु त्याच्या पहिल्या रूपाने तेल थंड करणाऱ्या नळ्यांचे सांधे गंजू लागले, आणि १९७५ च्या सुमारास त्यात पुन्हा सुधारणा करावी लागली. द्रवाच्या घटनेतील एक पदार्थ काढला की पेटीच्या दूरच्या कोपऱ्यात त्याचे परिणाम कसे उमटतात, याचे हे बोलके उदाहरण आहे. हाच काळ होता की ज्यात फोर्डच्या गाड्यांचा द्रव आणि जनरल मोटर्सचा द्रव हे घर्षणाच्या बाबतीत परस्परविरोधी तत्त्वांवर बनविलेले असत. दिसावयास दोन्ही लाल. एकाच्या जागी दुसरा ओतला की कधी गिअर धडधडत पडत, कधी चकत्या घसरत. ‘तेल बदलले आणि गिअरबॉक्स गेला’ या समजुतीचे एक मूळ येथे असावे, असे लेखकास वाटते. तेल बदलले म्हणून तो जात नसे. भलतेच भरले म्हणून जाई.

आता धावेचा विचार. त्या काळच्या बहुतेक अमेरिकन मोटारींच्या मैलमापकात पाचच पूर्णांकी आकडे असत. ९९,९९९ मैल झाले की काटा पुन्हा शून्यावर येई. एक लाख मैलांनंतर मोजण्यासारखे काही उरत नाही, हे मत जणू तबकडीतच कोरलेले होते. गाडीच्या आयुष्याची ही कल्पना हमीपत्रांतही दिसते. १९६३ च्या मोटारींसाठी क्रायस्लरने इंजिन व गिअरबॉक्स यांना ५ वर्षे किंवा ५०,००० मैल अशी हमी दिली, ती त्या काळी फार मोठी समजली गेली. पुढे पोलाद सुधारले, गंजरोधक लेप सुधारले, इंजिने दीड-दोन लाख मैल सहज चालू लागली आणि मापकात सहावा आकडा आला. द्रवही खरोखर सुधारला, हे निःपक्षपातीपणे सांगितले पाहिजे. १९९३ च्या ‘डेक्स्रॉन तीन’च्या काळात साधारण वापरातील गाड्यांसाठी एक लाख मैलांचा अवधी सांगितला जाऊ लागला, आणि २००५ च्या ‘डेक्स्रॉन सहा’चा पाया पूर्वीच्या खनिज तेलांपेक्षा पुष्कळच टिकाऊ होता. पंचवीस हजारांवरून एक लाखावर जाणे ही खरी प्रगती आहे. प्रश्न त्याच्या पुढच्या पायरीचा आहे.

ती पायरी म्हणजे ‘आजीवन’ हा शब्द. १९९० नंतर युरोपीय मोटारींपासून प्रारंभ होऊन स्वयंचलित पेटीतील तेल आयुष्यभरासाठी भरलेले आहे, अशी भाषा रूढ झाली. काही पेट्यांच्या तळाच्या पत्र्यावर तशी पट्टीही चिकटवलेली असते. येथे व्याकरणाचा प्रश्न उपस्थित होतो. ‘आजीवन’ हे अव्यय ज्याच्या जीवनाची मर्यादा सांगते तो षष्ठीचा धनी वाक्यात असावा लागतो. आजीवन कारावास म्हणताना कैद्याचे जीवन अभिप्रेत असते, कारागृहाचे नव्हे. आजीवन तेल म्हणताना कोणाचे जीवन? मोटारीचे म्हणावे, तर मोटारीचे जीवन बहुतांशी गिअरबॉक्सवरच ठरते. गिअरबॉक्सचे म्हणावे, तर वाक्य पुनरुक्तीचे होते: पेटी टिकेल तोवर तेल टिकेल, आणि तेल टिकेल तोवर पेटी. व्यवहारात या शब्दाचा अर्थ हमीच्या मुदतीच्या आसपास घोटाळताना दिसतो. नव्या मोटारीच्या पहिल्या मालकाला हा अर्थ पुरतो. लाख किलोमीटरनंतर ती विकत घेणारा दुसरा किंवा तिसरा मालक त्या अर्थाच्या कक्षेबाहेर असतो, आणि शब्द मात्र तोच त्याच्या कानी पडतो.

विशेष म्हणजे पेट्या बनविणारे स्वतः इतके निःशंक नाहीत. फ्रीड्रिक्सहाफेन येथील ‘झेडएफ’ हा कारखाना १९१५ मध्ये झेपेलिन हवाई जहाजांची दंतचक्रे करण्यासाठी निघाला. त्याच्या मूळ नावातील ‘त्सान’ म्हणजे आपला दंत आणि ‘राट’ हा शब्द आपल्या रथाचा सगोत्र आहे, हे जाता जाता नमूद करण्याचा मोह आवरत नाही. अनेक नामांकित मोटारींच्या पेट्या याच कारखान्याच्या असतात, आणि त्याची शिफारस ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा तेल बदलावे, अशी आहे. म्हणजे एकाच पेटीसंबंधी ती घडविणारा एक सांगतो आणि ती मोटारीत बसवून विकणारा दुसरे सांगतो, अशी स्थिती आढळते.

याच काळात आणखी एक फेरफार झाला, आणि तो लेखकास सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अनेक मोटारींतून तेल पाहण्याची ती पोलादी पट्टी नाहीशी झाली. पातळी तपासावयाची तर मोटार सपाटीवर उचलून धरावी, इंजिन चालू ठेवावे, तेलाचे तापमान ठराविक अंशांच्या मर्यादेत आहे हे उपकरणावर पाहावे, आणि बुच काढून तेल थेंबथेंब गळते का ते बघावे, अशी रीत आली. ज्या अचूकपणासाठी ही व्यवस्था केली तो अचूकपणा खरा आहे. अज्ञानाने जास्त तेल ओतून पेटी फेसाळविण्याचे प्रकार त्यामुळे कमी झाले असतील. परंतु आपला ‘निगा’ हा शब्द फारसी ‘निगाह’वरून आलेला आहे. निगा ठेवणे म्हणजे मुळात नजर ठेवणे. हायड्रा-मॅटिकच्या काळात मालकाला गिअर टाकण्यातून सुटका मिळाली होती, नजर मात्र त्याचीच होती. पट्टी गेली आणि ‘आजीवन’ हा शब्द आला. यंत्र पूर्वीइतकेच तेलावर अवलंबून राहिले, आणि ते पाहणारे कोणी राहिले नाही.

आता दुसऱ्या कारागिराच्या भीतीकडे वळू. जुन्या गाडीचे तेल बदलल्यास गिअरबॉक्स बसतो, या मतामागे अनुभव आहे. पण तो अनुभव काकतालीय न्यायाचा आहे. लोक वर्षानुवर्षे तेल बदलत नाहीत. पेटी घसरू लागली म्हणजे मगच बदलतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती बंद पडते, आणि कावळा बसल्यामुळे फांदी मोडल्याचा निष्कर्ष निघतो. क्लचच्या चकत्यांवरील अस्तर हे राळेत भिजविलेल्या कागदासारख्या तंतूंचे असते. ते एकदा जळून किंवा झिजून गेले की कोणतेही नवे तेल ते परत आणू शकत नाही. झिजलेल्या अस्तराची भुकटी जुन्या तेलात तरंगत राहून थोडीफार पकड देते आणि तेल काढले की ती पकड जाते, असे कारागीर सांगतात. ते कितपत खरे मानावे हे ज्याने त्याने ठरवावे. परंतु यंत्राने जोराचा दाब देऊन पेटी धुण्याची जी पद्धत आहे, तिच्यात तळाचा गाळ सुटून झडपांच्या अरुंद वाटा तुंबण्याचा धोका आहे, हे अमान्य करता येत नाही. म्हणून जुन्या गाडीत धुणे नको, काढून भरणे बरे. येथे एक साधे गणित आहे. तळाचे बुच काढले तर टॉर्क कन्व्हर्टरमधील तेल आतच राहते. समजा पेटीत एकूण ८ लिटर द्रव आहे आणि ३.२ लिटर बाहेर येतो. पहिल्या खेपेस ४० टक्के द्रव नवा होतो, मध्ये काही दिवस गाडी चालवून दुसऱ्या खेपेस ६४ टक्के, आणि तिसऱ्या खेपेस सुमारे ७८ टक्के. घाई न करणे हाच या रीतीचा गुण आहे. मात्र पेटी आधीच घसरत असेल आणि तेल काळे व जळके असेल, तर ही निगा नव्हे, उपचार झाला. आणि त्या वेळी पेटी उघडून चकत्या बदलण्याचा खर्च झेपेल काय, एवढाच प्रश्न शिल्लक असतो.

तिसरा कारागीर ‘आजच बदला’ म्हणाला, ते कशाच्या आधारावर, हे मोटारींच्या माहितीपुस्तिका वाचल्यावर उमगले. अमेरिकन पुस्तिकांत निगेची दोन वेळापत्रके असतात: एक साधारण वापरासाठी आणि दुसरे, बहुधा निम्म्या अवधीचे, बिकट वापरासाठी. बिकट म्हणजे काय याची व्याख्या तेथे दिलेली असते: डोंगराळ मुलूख, टॅक्सी किंवा मालवाहतूक, आणि ज्या शहरी दाट रहदारीत बाहेरचे तापमान वरचेवर ३२ अंश सेल्सियसच्या पुढे जाते ती. प्राग येथील भाषाशास्त्रज्ञांनी चिन्हित आणि अचिन्हित रूपांचा जो भेद केला, त्याचे स्मरण येथे होते. मिशिगनमध्ये जे चिन्हित आहे, अपवादाचे आहे, ते मुंबईत अचिन्हित आहे. ऑक्टोबरात आणि मार्चपासून मेपर्यंत मुंबईतील दुपार ३२ अंशांच्या वर जाणे नित्याचेच, आणि रहदारीची दाटी तर ऋतू पाहत नाही. थांबत-चालत जाणाऱ्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टरमधील पुष्कळशी शक्ती उष्णतेत जाते. आणि तापमान दहा अंशांनी वाढले की तेलाचे आयुष्य अदमासे निम्मे होते, असा रसायनशास्त्राचा ठोकताळा आहे. त्या व्याख्येप्रमाणे आपल्याकडील शहरातील जवळजवळ प्रत्येक स्वयंचलित मोटार ‘बिकट’ वर्गात मोडते. पुस्तिका मात्र मालक उघडतो तेव्हा पहिले वेळापत्रक पाहतो, कारण आपण साधारण आहोत अशी प्रत्येकाची समजूत असते.

आपल्याकडे या ज्ञानाची परंपरा का निर्माण झाली नाही, याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. मुंबईत शिवडी येथे जनरल मोटर्सचा जुळणी-कारखाना १९२८ पासून १९५४ पर्यंत होता. त्यानंतरची कित्येक दशके आपल्या रस्त्यांवर ॲम्बॅसिडर आणि फियाट यांचे, म्हणजे हातगिअरचेच, राज्य होते. तीन पिढ्या कारागीर हातगिअरवर तयार झाले. स्वयंचलित गाडी सामान्य मराठी घरात आली ती अलीकडे, आणि २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून स्वस्त ‘एएमटी’ आल्यावर तिचा प्रसार झपाट्याने झाला. पण ही एएमटी म्हणजे साधी हातगिअरचीच पेटी. तिचा क्लच दाबण्याचे व गिअर टाकण्याचे काम यंत्राच्या हातांनी होते इतकेच. पट्ट्यावर चालणारी ‘सीव्हीटी’ वेगळी, दोन क्लचांची पेटी वेगळी, टॉर्क कन्व्हर्टरची वेगळी. चौघींचे तेल वेगळे, झिजणारा भाग वेगळा, बदलण्याचा काळ वेगळा. सीव्हीटीत साधा लाल द्रव ओतला तर पट्टा घसरून पेटीच जाण्याची भीती. मराठीत मात्र चौघींचे नाव एकच: ऑटोमॅटिक. ‘ऑटोमॅटिक गाडीचे तेल किती किलोमीटरला बदलावे?’ या प्रश्नाला उत्तर नाही, याचे कारण यंत्रशास्त्रात नसून नामात आहे.

लेखकाच्या मोटारीचे पुढे काय झाले हे सांगणे प्राप्त आहे. तिसऱ्या कारागिराकडून, कारखान्याने सांगितलेल्याच मानकाचा द्रव आणून, पंधरा दिवसांत तीन खेपांनी तेल बदलले. पहिल्या खेपेस निघालेले तेल कोऱ्या चहासारखे काळपट होते, पण जळके नव्हते. तळाच्या पत्र्यातील चुंबकावर बुक्क्यासारखा करडा लेप साचला होता. बोटाने चोळून पाहता त्यात धातूचे कण लागले नाहीत, तेव्हा कारागिराचा चेहरा प्रथमच सैल झाला. जाळी बदलली. तापल्यावर बसणारा हिसका दुसऱ्या खेपेनंतर जवळजवळ गेला. सकाळी थंड असताना दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना गाडी अजूनही क्षणभर थबकते. ते अस्तराचे काम आहे, तेलाचे नव्हे, असे कारागिराने सांगितले आणि तसेच असावे. तळाच्या पत्र्यावरील पट्टी धुतल्यावर पुन्हा वाचता येऊ लागली. तिच्या शेजारी कारागिराने खिळ्याने तारीख आणि १,३८,४०० हा आकडा कोरला आहे.